वीस हजारांत बसवलेली सहल

आमचे सासरे, बाळासो पोवार, कोल्हापूरच्या केएमटी बसवर एकतीस वर्षं कंडक्टर होते. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, तरी त्यांच्या अंगातला कंडक्टर काही खाली उतरलेला नाही. स्वयंपाकघरात चौघं एकदम शिरली की ते अजून म्हणतात, "म्होरं सरका, म्होरं जागा हाय." दहाची नोटसुद्धा उजेडात धरून बघितल्याशिवाय खिशात घालत नाहीत. मी त्यांना मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्ती, आमच्याकडच्या सुनांची हीच रीत. मी जरा फटकळ आहे हे घरात सगळ्यांनी मान्य केलेलं आहे, तेव्हा मामांविषयी जे सांगायचं ते मी माझ्याच पद्धतीनं सांगणार.

या माणसानं नोकरीत असताना घरच्यांना कुठंही नेलं नाही. नेणार तरी कसे? लोकांना सुट्टी असली की यांना जादा ड्यूटी. नवरात्र, दिवाळी, जोतिबाची यात्रा, सगळी दुसऱ्यांना पोचवण्यात गेली. माझे मिस्टर अमरसिंह लहानपणी रविवारी बापाजवळ बसायला मिळावं म्हणून रंकाळ्यापासून शिरोलीपर्यंत त्यांच्याच गाडीत दोन-दोन फेऱ्या मारायचे, आणि मामा पोटच्या पोराचं हाफ तिकीट स्वतःच्या खिशातून पैसे घालून फाडायचे. अमर ही गोष्ट हसत सांगतात.

गेल्या दिवाळीत मामांनी जाहीर केलं, की मे महिन्यात सगळ्यांनी पार्कला जायचं. पुण्याच्या पुढं डोंगराच्या कडेला ते भलं मोठं पार्क आहे. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, तळ्याभोवती फिरणारी छोटी आगगाडी. माझा यशराज सहावीत, त्याच्या वर्गातली निम्मी पोरं तिथं जाऊन आली होती. आणि अंतरा, वय वर्षं सहा, तिथल्या लुकलुकणाऱ्या जादूच्या काठीसाठी झुरत होती. मामांची अट एकच. सहल त्यांची, त्यात दुसऱ्या कुणाचा एक रुपया चालणार नाही. अमर फौंड्रीत आहेत, मी एका पतसंस्थेत कॅशवर बसते, दोघंही कमावतो, पण आमचं ऐकतो कोण?

मामा सकाळी चार तास गुळाच्या पेढीवर लिहायला जातात. तो पगार ते बाजूला टाकायला लागले. तेवढ्यानं भागेना, तेव्हा त्यांनी घराच्या मर्मावरच हात घातला. रविवारचं मटण एक किलोवरून अर्ध्या किलोवर आणलं. कोल्हापुरात हे करायला छाती लागते. सहा महिने आम्ही रस्सा ओरपत होतो आणि फोडी मोजत होतो. माझ्या दोन फोडी आज पाळण्यात बसल्या, असं यशराज दर रविवारी ताट बघून म्हणायचा.

फ्रिजवर चुंबकानं एक कागद अडकवलेला होता. त्यावर मामांच्या ठसठशीत अक्षरात सगळं मांडलेलं. गाडी शेजारच्या सयाजीची, डिझेल-टोलसकट साडेदहा हजार. मुक्काम चिंचवडला माझ्या बहिणीकडं, मोनाकडं, म्हणून फुकट. तिकिटं, साडेपाच हजार. आतलं जेवण माणशी अडीचशे, साडेबाराशे. हातखर्च माणशी पाचशे, अडीच हजार. अडीनडीला अडीचशे. बरोबर वीस हजार. दूध काढायला फ्रिज उघडताना हा कागद रोज माझ्या डोळ्यासमोर असायचा. चांगला बसवलाय की मामांनी, असं मी मनात म्हणायचे.

भांडण झालं ते हातखर्चावरून. अंतराला पाचशे कशाला, आणि आत्ती तिथं काय विकत घेणार आहेत, असं अमर बोलून गेले. मामांनी चष्मा काढला. "घरातनं भायेर पडल्यावर माणसाला आपल्या मनानं खर्चायला काईतरी पायजे. बारकं असू दे न्हायतर म्हातारं. आणि कुणाला कशाला पायजे म्हणून इचारायचं न्हाय." तेवढ्यावर विषय संपला.

आत्तींनी आपले पाचशे आत्ताच हातात मागितले, तर मामा देईनात. का, ते मलाही कळत होतं. आत्तींच्या हातात पडलेल्या पैशाचं दुसऱ्या दिवशी तेल होतं, नाहीतर गॅसच्या टाकीला भर. चाळीस वर्षांत या बाईनं स्वतःसाठी काही घेतल्याचं कुणाला आठवत नाही. म्हणून मामांनी कंडक्टरी तोडगा काढला. पैसे सगळे त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत राहणार. प्रत्येकाला जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची एक चिठ्ठी, पुढं नाव आणि पाचशे. लागतील तसे मागून घ्यायचे आणि मामा चिठ्ठीच्या मागं बाकी लिहून देणार. बसमध्ये सुट्टे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागं राहिलेले पैसे लिहून देतो, उतरताना ते आपण मागून घ्यायचे असतात, तसंच. या बाबतीत मामांचं नाव होतं. एकदा वडणग्याची एक बाई अकरा रुपये न घेताच उतरली, तर ड्यूटी संपल्यावर सायकल मारत हे तिचं घर शोधत गेले. आत्तींनी आपली चिठ्ठी रुमालात गुंडाळून कमरेला खोचली ती पार्क येईपर्यंत काढली नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही चिंचवडहून सकाळी लवकर निघालो आणि पार्क उघडायच्या आधीच फाटकाशी जाऊन उभे राहिलो. मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सगळ्यात पुढं. सयाजी गाडी लावून तिथंच झाडाखाली आडवा झाला. तिकिटं अमरनी मोबाईलवर आधीच काढलेली होती, मामांनी हातात रोख आणि यादी दिली होती त्याप्रमाणं. फाटकावरच्या मुलीनं मोबाईल बघितला, आम्हाला बघितलं आणि म्हणाली, तिकिटं पाच आहेत, तुम्ही सहा आहात.

मोबाईलवर काहीतरी घोटाळा झाला असेल, असं अमर म्हणाले. मामांना मात्र शंकाच नव्हती. त्यांनी खिशातून तो फ्रिजवरचा कागद काढला आणि यादी मोठ्यानं वाचली. अंबू म्हणजे आत्ती, अमर, क्रांती म्हणजे मी, यशराज, अंतरा. मग बोट करून आम्हाला एकेकाला मोजलं. "पाच. बराबर हाय की."

आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत राहिलो. अंतरानं त्यांच्या शर्टाची बाही ओढली आणि विचारलं, "आबा, आणि तुमी?"

मामांचं बोट तसंच हवेत राहिलं. त्यांनी कागदाकडं बघितलं, परत आमच्याकडं बघितलं आणि एकदम हसले. "आयला. कंडक्टर मोजायचाच ऱ्हायला." एकतीस वर्षं ते गाडीतली डोकी मोजत आले, आणि गाडीतल्या डोक्यांत कंडक्टरचं डोकं कधी धरायचं नसतं. त्याला तिकीट नसतं, त्याची सीट मोजायची नसते. तिकीट, जेवण, हातखर्च, सहा महिने त्यांनी प्रत्येक ओळीला पाचानं गुणलं होतं.

त्यांचं एक वेळ जाऊ द्या, त्यांची ती सवय. मी? मी दिवसभर पतसंस्थेत लोकांच्या बेरजा तपासते. दहा रुपयांचा फरक आला तरी घरी जाता येत नाही आम्हाला. तो कागद मी सहा महिने रोज वाचला, त्यावर मामांचं नाव नव्हतं, आणि मला ते दिसलं नाही. अमरनी पाच तिकिटं काढली, पाच म्हणून मला सांगितलंही, मी हो म्हणाले. घरात सगळ्यांना पोचवणारा माणूस आम्हीसुद्धा कुणी मोजला नव्हता. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले.

मामांना त्याचं काहीच नव्हतं. पिशवी खांद्यावरून काढून त्यांनी ती अमरच्या गळ्यात घातली आणि म्हणाले, "जावा तुमी. मी बसतो सयाजीजवळ. गाडीपाशी कुणीतरी पायजेच की." हे त्यांनी इतकं सहज म्हटलं, की मला रडू आलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

खिडकीवर ज्येष्ठांचं तिकीट बाराशे रुपये होतं. अमरनी मोबाईल बाहेर काढला, तसा मामांचा आवाज चढला. ठरलंय ते ठरलंय, तुझा रुपया नको. मग पिशवीतले काढा, मी म्हटलं. तर ते मला समजावायला लागले, की पिशवीतले पैसे त्यांचे नाहीतच, पोरांचे आहेत, चिठ्ठ्या फाडून दिलेल्या आहेत, त्याला हात लावायचा नसतो. अमर मान खाली घालून चपलेनं खडी उकरत राहिले. मागं रांग वाढत होती आणि एक गृहस्थ घड्याळ बघत होते, त्यांना मी एकदा नीट बघून घेतलं.

तेवढ्यात आत्तींनी कमरेचा रुमाल सोडला. चिठ्ठी काढली, मांडीवर घडी सरळ करावी तशी हातावर सरळ केली आणि मामांच्या पुढं धरली.

"हे माझं पाचशे. काढा."

"कशाला?"

"कशाला म्हणून इचारायचं न्हाय, आसं तुमीच म्हटलासा न्हवं?" आत्ती मोठ्यानं बोलतच नाहीत, तेव्हाही बोलल्या नाहीत. "मला तुमचं तिकीट घ्यायचंय. आजवर तुमी गाडीत आन मी घरात. आता तुमी भायेर बसायचं म्हणत असशीला, तर मी बी बसते हितंच. जाऊ देत पोरं."

यशराजनं आपली चिठ्ठी आजीच्या चिठ्ठीवर ठेवली. मग अमरनी, मग मी. अंतरानं मात्र आपली मुठीत घट्ट धरून ठेवली होती. सहा महिने तिनं ती काठी स्वप्नात बघितलेली. काठी अडीचशेची, हे तिला पाठ होतं. तिनं बारीक आवाजात विचारलं, "आबा, माझे सगळे लागतील?"

आणि मामांना वाट सापडली. हिशेब करायला मिळाल्यावर त्यांचा चेहराच बदलला. त्यांनी पिशवी अमरच्या गळ्यातून काढून परत आपल्या खांद्याला लावली आणि शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढली. बाराशेला पाच जण, माणशी दोनशे चाळीस. एकेक चिठ्ठी उलटी करून मागं लिहिलं, बाकी दोनशे साठ. आकडे तेच ठसठशीत. अंतराची चिठ्ठी तिच्या हातात परत देताना म्हणाले, "तुझी काठी येती की यात. वर धा रुपय ऱ्हात्यात." तिनं आकडा दोनदा वाचला आणि मगच त्यांचं बोट धरलं.

मामा खिडकीशी गेले. बाराशे रुपये मोजून आत सरकवले आणि तिकीट हातात आल्यावर ते तसेच उभे राहिले, जसं काही ते आता दुसऱ्या कुणाला तरी द्यायचं आहे. आत्ती म्हणाल्या, "चला की." मग आम्ही सहाजण आत गेलो.

दिवसभर आम्ही काय काय केलं ते सांगत बसत नाही. यशराज तीन वेळा उलटा होऊन आला, अंतराची काठी दुपारपर्यंत लुकलुकली आणि मग बंद पडली. जेवणाच्या पाच जणांच्या पैशांत आम्ही सहाजण जेवलो आणि भातसुद्धा उरला. आत्तींनी वीस रुपयांचा साखरेचा गुलाबी कापूस घेतला, एकटीनंच खाल्ला, आणि बाकी दोनशे चाळीस लिहून घेतली. संध्याकाळी पाय दुखायला लागले तेव्हा अंतरानं आबांना विचारलं, आमचं सगळं झालं, तुमाला काय पायजे? मला काय पायजे, मला काय पायजे, असं मामा स्वतःशीच म्हणत राहिले. इतक्या साध्या प्रश्नाला हा माणूस इतका अडखळतो, हे मी पहिल्यांदा बघत होते.

शेवटी त्यांनी तळ्याभोवतीच्या छोट्या आगगाडीकडं बोट केलं. "त्यात बसायचं जरा. खिडकीजवळ."

आम्ही चढलो. मामांनी पहिल्या डब्यातली खिडकीची जागा धरली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ते टेकून बसले. आत्ती त्यांच्या शेजारी. गाडी सुटायच्या आधी निळ्या टोपीतला एक मुलगा डब्याच्या बाजूनं डोकी मोजत चालत आला. मामांच्या खिडकीशी येऊन त्यानं बोट केलं, "एक," आणि पुढं मोजत गेला. शिट्टी झाली, गाडी हलली. मामा बाहेर तळ्याकडं बघत होते. मागं किती जण बसलेत, ते त्यांनी वळून बघितलं नाही.