दहा मशिनी आणि मामांचा एकच कर्नल

पनवेलच्या बाजारात घासाघिशीत मला कुणी हरवलं नाही. हरवलं ते फक्त माझ्या बायकोच्या मामांनी, कारण ते कशाचे पैसेच घेत नसत. फुकट माणसाशी घासाघीस करायची कशी?

मामा करंजाड्याला राहत. ‘लागत नाही ते काढून टाका’ हा त्यांचा धर्म. पेपर घेतला की बाजारभावाचं पान तिथेच काढून पेपरवाल्याला परत करत. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात शेंगदाणे नको, कढीपत्ता नको, कोथिंबीर नको असं करत त्यांनी पोहे मागवले, तेव्हा मालकाने विचारलं, “काका, पोहे तरी घालू ना?”

मी सायबर कॅफे काढला तेव्हा माझ्या दहाही जुन्या मशिनींवर मामांनी विंडोजऐवजी फुकटातलं लिनक्स घातलं. मशीन चालू होताच आधी जागा होऊन बाकीच्यांना कामाला लावणारा त्यातला गाभा म्हणजे कर्नल. तोही ते स्वतः, नको ते भाग काढून, बनवत. आमच्या मशिनींवर त्याला अख्खा दिवस लागला असता, म्हणून घरच्या दणकट मशीनवर बनवायचा, पेनड्राइव्ह खिशात घालून रिक्षाने यायचं आणि तोच दहांवर चढवायचा. “जावईबापू, बघा कसा सडपातळ झालाय!” असं म्हणताना त्यांचा चेहरा नातवाच्या बारशाला आल्यासारखा दिसे.

एकदा कॉलेजच्या ऑनलाइन फॉर्मच्या शेवटच्या दिवशीच त्यांनी सकाळी नवा कर्नल चढवला. पहिली मशीन चालली, बाकी नऊ चालू झाल्या पण नेट गायब! या वेळी मामांनी नेट जोडणारं नेटवर्क कार्ड फक्त पहिल्या मशीनचं पाहिलं होतं आणि कर्नलमध्ये तेवढ्याचीच सोय ठेवली होती. जुना कर्नल? लागत नाही म्हणून दहाही मशिनींवरून पुसलेला.

एका मशीनसमोर रांग लागली. शेवटी उभी होती उरणची एक कोळीण, मुलीला घेऊन. “दादा, पाचला बंद व्हतंय म्हनं. आज नाय भरला तं माजे पोरीचा वरीस जाईल.”

मी भडकलो. “मामा, जुना ठेवला असता तर काय खायला मागत होता?”

“तुम्ही एकसारख्या मशिनी घेतल्या असत्या तर ही वेळच आली नसती,” मामा भर दुकानात ओरडले. “इतकं घासलंत की विकणाऱ्याने हाताला येईल ते कार्ड खुपसलं!”

गिऱ्हाइकं हसली. तो अपमान मी विसरलो नाही.

मग मामांनी नऊ डबे उघडले, एकेक कार्ड लिहून घेतलं. तीन जातींची निघाली. तसेच रिक्षाने करंजाड्याला गेले, तिन्हींना ओळखणारा कर्नल बनवला आणि साडेचारला घामाने निथळत परत आले. पोरीचा फॉर्म गेला तेव्हा पाच वाजायला सहा मिनिटं होती.

आता कॅफे नाही. त्या जागेत मी मोबाइलची कव्हरं विकतो. मामा नाशिकला मुलीकडे असतात. गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर एकदम म्हणाले, “जावईबापू, त्या दिवशी चूक माझी होती. दहाही मशिनी आधी उघडून बघायला हव्या होत्या.”

हे वाक्य ऐकायला मी इतकी वर्षं टपून बसलो होतो. आणि ते मिळाल्यावर माझ्या तोंडून काय निघावं? “नाही हो मामा, मीच जरा जास्त घासलं.”

पलीकडून मामांचा आवाज आला, थोडा दमलेला: “ते तर आहेच.”

पुन्हा भांडायची हुक्की आली होती. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं, पण फोन ठेवावासा वाटेना.