वीस चिंचोक्यांचा मायावी

आमची जिजी आयुष्यात कधी खोटं बोलली नाही, आणि खोटं दाखवण्यात सबंध तापीकाठी तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदल्या असं लोक मला विचारतात. नांदल्या म्हणूनच तर तिची माया चालली, असं मी सांगते. रोज थापा मारणाऱ्याने साप दाखवला तर कोण भितं?

जिजी म्हणजे माझी मधली जाऊ. माहेर धानोऱ्याचं, शिक्षण चौथीपर्यंत, अंगाने काडी. थोरली जाऊ शहाद्याकडची, चांगली दणकट. मी धाकटी, खांडबाऱ्याची. सासूबाईंना सगळं घर माय म्हणायचं. महाराष्ट्र व्हायला अजून एखाददोन वर्षं होती आणि आमचा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. कापूस, केळी, दारात सहा बैल, आणि घरात इतकी माणसं की भाकरी थापता थापता सकाळची दुपार व्हायची.

जिजीच्या खरेपणाचा घराला धाकच होता. धाकट्या नणंदेला बघायला पाहुणे आले, तेव्हा मुलाच्या आईने विचारलं की पोरीला स्वयंपाक येतो का. आम्ही सगळ्या "येतो की" म्हणून माना डोलावत असताना जिजी शांतपणे म्हणाली की वरण चांगलं करते, भाकरी मात्र अर्धी चुलीत जाते. मायने जिजीकडे असं पाहिलं की मी घाबरून पाण्याचे पेले उचलून आत पळाले. पण लग्न जमलं. मुलाची आई पुढे म्हणाली होती की भाकरीचं खरं सांगितलं, म्हणजे मुलीच्या स्वभावाचं सांगितलं तेही खरंच असणार.

आता खेळाचं सांगते. चैत्रात दुपारची जेवणं आटोपली, शेवया-पापड उन्हात पडले, की पुरुषमाणसं ओट्यावर आडवी व्हायची आणि आम्ही मागच्या पडवीत स्वारी खेळायला बसायचो. स्वारी हे खेळाचं नाव. माय सांगणारी, आम्ही तिघी खेळणाऱ्या. प्रत्येकीने एक सोंग घ्यायचं: वीर, सरदार, चोर, जे मनाला येईल ते. माय प्रत्येकीला वीस चिंचोके द्यायची आणि ते आपण बळ, पाय, कान आणि माया अशा चार ढिगांत वाटायचे. ज्या ढिगात जितके चिंचोके, तितका तो गुण तुमच्या सोंगात. मग माय स्वारी सांगू लागायची. वाटेत नदी आडवी आली, दरोडेखोर आले, दार कुलूपबंद आहे, आता तुझं सोंग काय करतं ते बोल. आपण बोलायचं आणि सुपात पाच कवड्या टाकायच्या. दान चांगलं पडलं तर निभावलं.

बळाला आणि पायांना कवड्या लागत. कानाचा नियम वेगळा. कानाचा एक चिंचोका परत दिला की समोरच्या माणसाबद्दल एक प्रश्न विचारता यायचा आणि मायने त्याचं खरं उत्तर द्यायचं. मायेचा नियम सगळ्यांत अवघड. मायावीने, म्हणजे भास उभा करणाऱ्या सोंगाने, काय दाखवलं ते सांगायचं आणि समोरच्याला ते पटेल का, हे माय ठरवणार. पटलं तर वाट मोकळी, नाही पटलं तर मायावी उघडा पडला. म्हणून मायेच्या ढिगात चिंचोका टाकायला आम्ही धजत नसू. सासूला काहीतरी पटवायचं काम दिवसभर करून आमची कंबर मोडलेली असायची, ते पुन्हा खेळात कोण करणार? आणि मायचा निवाडा एकदा दिला की दिला. सासऱ्यांनी सांगितलं तरी फिरत नसे.

जिजीने मायावी घेतला तो मी लग्न होऊन आले त्या वर्षी. पहिल्याच डावात तिने दरोडेखोरांपुढे ढाण्या वाघ उभा केला. आम्ही खूश. मायने विचारलं, "वाघ उना ते त्यासनं कुत्रं कसं भुकनं नही?" वाघ आला आणि कुत्रं भुंकलं नाही, संपलं. मायावी उघडा पडला, बळ होतं एक, एका काठीत आडवा. आम्ही पोट धरून हसलो. जिजी हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती आमच्या गुराख्याला विचारत होती की बिबट्या आला की कुत्रं कसं ओरडतं, पाहुणा आला की कसं, आणि ओरडतच नाही ते कधी.

तेव्हापासून तिला ती खोडच लागली. कासार आला, बोहारीण आली, नंदुरबारचा बाजार करून शेजारीण परतली, की जिजीचे प्रश्न सुरू. माणूस कशाला भुलतो, कशाला भुलत नाही. एकदा भाकरी थापता थापता तिने मला तिचा सगळा निष्कर्ष सांगून टाकला. "धाकली, मानूसले वाघ दखाडू नको. तो जेन्ही वाट दखी ऱ्हायना ते दखाड."

माझा नातू पुण्यात असलाच एक खेळ खेळतो. कागदावर सोंगाचे गुण लिहितात आणि वीस बाजूंचा फासा टाकतात. त्याने यंदा मायावी घेतला आणि आग, राक्षस, पडणारे डोंगर अशी मोठी यादी केली. मी त्याला जिजीचं म्हणणं सांगितलं, की समोरचा ज्याची वाट बघतोय तेच दाखव. त्याने अर्धी यादी खोडली आणि विचारलं, "आजी, या बाई कुठल्या शाळेत शिकल्या?" धानोऱ्याच्या, चौथीपर्यंत, असं सांगताना माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

तर मी आले त्याच वर्षीची अखाजी. अक्षय तृतीयेला आम्ही अखाजी म्हणतो. ती आमच्याकडे दिवाळीहून मोठी, कारण तो माहेरवाशिणींचा सण. झोके, गाणी, आमरस, आणि न्यायला भाऊ गाडी जुंपून येणार. पण घरच्या लेकी माहेरी येणार म्हणजे त्यांचं करायला सुना हव्यात. म्हणून मायचा नियम होता की तिघींतली एकच जाईल. पाळी लावलेली होती, पण जिजीची पाळी आली की काहीतरी निघायचं. एकदा तिचं बाळंतपण, एकदा मायचा ताप, एकदा नणंदेचं बाळंतपण. चार वर्षं तिने धानोऱ्याची अखाजी पाहिली नव्हती आणि तिच्या आईची नजर अधू होत चालली होती. यंदा मात्र थोरलीच्या भाच्याचं लग्न नेमकं अखाजीलाच, आणि मी नवी, रोज रडणारी. तिघींचं वाजलं. मायने दोन दिवस ऐकून घेतलं आणि मग सांगितलं की स्वारी खेळा, जी जिंकेल ती जाईल.

जिजी आठ दिवस मायावी बांधत होती. कमरेला वीस चिंचोके खोचलेले, जरा सवड मिळाली की चुलीच्या कडेला मांडायची, हलवायची, पुन्हा मांडायची. मी तिची विरोधक, तरी विचारलं की सगळं सांगायची. खोटं बोलता येत नव्हतं ना. बळ एक, पाय दोन, कान सात, माया दहा. मी म्हटलं, एका बळाने वाऱ्याने पडशील. ती म्हणाली, "पडसू ते पडसू, पन दखनाराले मी उभीच दिससू." मायेच्या दहातही तिने चार आवाजाला ठेवले, तीन वासाला, तीन धुळीला. चेहरा दाखवायला एकही नाही. चेहरा का सोडलास, हे मी दोनदा विचारलं. "चेहरा दखाडा का मानूस खोट धुंडस. नुसता आवाज ऐकाडा ते चेहरा तो सोताच भरी लेस." एवढं सगळं कळूनही मी आपले बळात बारा टाकले.

खेळाच्या दुपारी मायने स्वारी सोपी सांगितली. तापीपलीकडच्या गावच्या वेशीवर एक म्हातारी खाटेवर बसली आहे. तिला जो जागेवरून उठवेल तो जिंकला. थोरलीचा सरदार घोड्यावरून गेला आणि तलवार उगारली. म्हातारी ढिम्म. कवड्या वाईट पडल्या, गावकऱ्यांनी सरदाराला बांधून ठेवलं. माझ्या वीराने म्हातारीला खाटेसकट उचललं आणि दान असं झकास पडलं की मी टाळी वाजवली. मायने विचारलं की म्हातारी खाटेवर बसलेलीच आहे ना, मग उठली कुठे? माझं माहेर तिथेच बुडालं.

जिजीने कानाचे चिंचोके पुढे घेतले आणि एकेक परत देत प्रश्न विचारू लागली. म्हातारीचं वय काय? माझ्याएवढं, माय म्हणाली. घरात कोण? भरलेलं घर. चोराला भिते का? नाही, चोरण्यासारखं काही उरलं नाही. सोन्याचा लोभ? तोही गेला. राखण करायला कुणी सांगितलं? कुणी नाही, आपली बसते. मग दिवसभर बघते कुठे? माय कवड्या चाळवत म्हणाली, रस्त्याकडे.

जिजीच्या हातात सातवा चिंचोका होता. म्हातारी कुणाची वाट बघते, एवढंच विचारायचं राहिलं होतं. तिने मायच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो चिंचोका हळूच पदराखाली सारला. थोरलीने कोपर मारलं तेव्हा ती खालच्या आवाजात सांगू लागली. दूरवर बैलांची घुंगरं वाजतात. वळणावर धूळ उठते. पिकल्या आंब्यांचा वास येतो, आणि धुळीतून न्यायला आल्याची हाक येते, "आक्का, चाल. लेवाले उनू."

मायने विचारलं, बैल कोणत्या रंगाचे? जिजी म्हणाली, धुळीत दिसत नाहीत. मग मायने तिचं ठेवणीतलं हत्यार काढलं.

"वेशीवरनं कुत्रं भुकी का?"

"नही, माय. घरना मानूसवर कुत्रं भुकत नही."

मायने सूप मांडीवरून खाली ठेवलं. "उठी," ती म्हणाली. "म्हातारी उठी न् जाई." आणि ती स्वतःच उठून आत गेली.

आमच्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मायचा भाऊ वारून बारा वर्षं झाली होती. भाचे नदीपलीकडेच राहायचे, पण आत्याला अखाजीला आणावं असं एकालाही कधी सुचलं नव्हतं. आणि आम्ही सुना दोन दिवस माहेरावरून भांडलो होतो, ते तिच्याच समोर.

जिजी जिंकली होती, पण संध्याकाळी भांडी घासताना ती मला म्हणाली की जिंकण्यासाठी मी तिच्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं, चूक झाली. मी म्हटलं, अगं, खेळ होता. तिने राखेचा हात तसाच थांबवला. "हाई खोटं ऱ्हावाले नको, धाकली." दुसऱ्या दिवशी नंदुरबारच्या बाजाराला जाणाऱ्या शेजाऱ्याबरोबर तिने धानोऱ्याला निरोप धाडला. काय निरोप ते तिने मलाही सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं तिला.

अखाजीच्या दोन दिवस आधी जिजीच्या भावाची गाडी दारात थांबली. तो आंब्यांची पाटी घेऊन अंगणात आला. बहीण समोर उभी होती, तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. ओट्याशी जाऊन हाक दिली, "आक्का, चाल. तुले लेवाले उनू."

माय दारात आली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. मग तिची जीभ सुटली. विहीण कधी व्याह्याच्या घरी अखाजीला जाते का, सुनेच्या माहेरी तीन दिवस जेवते का, गाव तोंडात शेण घालेल, लेकी येणार त्यांचं कोण करणार. जिजीचा भाऊ पाटी डोक्यावर घेऊन तसाच उभा. एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा धानोऱ्याला निघालेली जिजी, हातातलं गाठोडं खाली ठेवून मायसमोर गेली.

"म्हातारी उठी न् जाई, हाई तूच सांगेल शे, माय. आते फिरू नको."

म्हातारी उठेल आणि जाईल, हा मायचाच निवाडा. सासऱ्यांनाही न फिरवता येणारा. माय वळून आत गेली. आम्हाला वाटलं रागावली. ती आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि जिजीच्या आधी गाडीत चढून बसली. मला आणि थोरलीला एवढंच म्हणाली की लेकींना आमरस कमी पडू देऊ नका.

मी वेशीपर्यंत गाडीमागून गेले. वेशीवर पाटलीणबाई पाणी घेऊन येत होत्या. व्याह्याच्या गाडीत मायला बघून त्या थांबल्या आणि डोळे बारीक करून विचारलं, "मधलीले पोचाडाले चालनी का माय?"

"नही," माय म्हणाली. "मी माहेरले चालनू. भाऊ लेवाले उना."

गाडी पुढे गेली. मागे तीन नणंदांच्या भाकऱ्या माझ्या वाट्याला आल्या होत्या आणि माझं माहेर वर्षभर लांबलं होतं. तरी पाटलीणबाईंनी मला विचारलं, की हे डोकं कुणाचं, तेव्हा मी ताठ मानेने सांगितलं, "आमच्या जिजीचं."