काकीच्या शाळेत प्रवेश

माझ्या दोन्ही मुली मस्कतला जन्मल्या आणि तिथल्याच भारतीय शाळेत शिकल्या. पेणजवळचं आमचं गाव गडब म्हणजे त्यांच्यासाठी सुट्टीतला एक महिना. आजी, आंबे, डास, आणि हायवेवरून रात्रंदिवस डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जाणारे ट्रेलर. मग नवऱ्याच्या कंपनीने कुटुंबांचे व्हिसा बंद केले. तो तिथेच बॅचलर लोकांच्या खोलीत राहायला गेला आणि आम्ही तिघी दिवाळीच्या सुट्टीत गडबला आलो. भेटेल तो म्हणायचा, "बरं झालं, घरी आलात." माझ्यापुरतं ते खरं होतं. मुलींनी मात्र त्यांचा देश सोडला होता, आणि हे कुणालाच, माझ्या नवऱ्यालासुद्धा, नीट कळलं नव्हतं.

घरात सासूबाई (आम्ही दोघी सुना त्यांना आई म्हणतो), थोरले दीर आणि जाऊबाई. दीर डोलवीच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे शिफ्टला जातात. जाऊबाई पेणच्या एका शाळेत मराठी शिकवतात. आमच्या अख्ख्या खानदानात त्या पहिल्या शिक्षिका, आणि त्याचा मान त्यांना सगळीकडे मिळतो. मी त्यांना ताई म्हणत असे. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "शाळेचं तू डोकं नको लावू. माझ्याच शाळेत घेऊ दोघींना. मी बोलते मुख्याध्यापिकांशी."

मी निर्धास्त झाले. दुसरं सत्र सुरू झालं. ताई रोज सकाळी स्कूटीवरून शाळेत जायच्या आणि संध्याकाळी येऊन म्हणायच्या, "बाई रजेवर आहेत," "सध्या तपासणी आहे," "जरा थांब." माझ्या मुली ओटीवर बसून रस्त्याने शाळेत जाणारी पोरं बघायच्या. धाकटी त्यांना हात करायची. मोठी आत निघून जायची. शेवटी एका सकाळी ताई गेल्यावर मी दोघींना स्वच्छ कपडे घातले, कागदपत्रांची पिशवी घेतली आणि सहाआसनी रिक्षा धरून पेणला गेले.

ऑफिसातल्या क्लार्कने जन्मदाखला दोन बोटांत धरून उलटासुलटा केला. "हे उर्दूत काय आहे?"

"अरबी आहे. खाली इंग्रजीत आहे."

"मराठीत नाही?"

"मस्कतमध्ये मराठीत कोण देणार?"

त्याने तो कागद टेबलाच्या कडेला सारला आणि आम्हाला मुख्याध्यापिकांकडे पाठवलं. त्या बाईंनी मला बसायला सांगितलं, मुलींना सांगितलं नाही. शिपायाला म्हणाल्या, "मराठीच्या मॅडमना बोलवा." ताई आल्या. मला तिथं बघून त्यांचा चेहरा क्षणभर ताठरला, मग त्या हसल्या. मोठीने आनंदाने "काकी!" म्हटलं.

"शाळेत काकी नाही म्हणायचं. मॅडम."

मग त्यांनी सहावीचं मराठीचं पुस्तक उघडून तिच्या हातात दिलं. "वाच."

मोठीला देवनागरी येते, पण ती हिंदीतून. मराठी तिला समजतं, आम्ही घरी तेच बोलतो. छापलेलं मराठी मात्र तिने कधी वाचलेलं नव्हतं. ती एकेक शब्द जपून वाचत गेली. 'ळ' आला की थांबायची, कारण तिच्या हिंदीच्या पुस्तकात तो नव्हताच. 'सकाळी' ला तिने 'सकाली' म्हटलं, 'डोळे' ला 'डोले'. क्लार्क दारात उभा राहून ऐकत होता, तो हसला. मुख्याध्यापिका हसल्या. ताईंनी पुस्तक काढून घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना, बाई. हिला चौथीत बसवावं लागेल. धाकटीला पहिलीत."

"कुणाला सांगितलं होतं?" मी विचारलं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंनी आम्हाला आधीच कल्पना दिलीय. मुली कच्च्या आहेत. घरच्याच बाईंचं मत आहे, तर आम्ही बाहेरचे काय बोलणार?"

मोठी अकरा वर्षांची. गणितात, विज्ञानात ती मस्कतच्या वर्गात पुढे होती. चौथीच्या बाकावर तिचे गुडघे मावले नसते. मी दोघींचे हात धरून बाहेर पडले. रिक्षात मोठीने इंग्रजीत विचारलं, "काकीला आम्ही आवडत नाही का?" मी म्हटलं, गप्प बस. काय सांगणार?

संध्याकाळी ताई घरी आल्या आणि काही घडलंच नाही अशा थाटात चहा टाकायला गेल्या. मी चुलीपाशी जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "तिच्या भल्यासाठीच बोलले. पाया कच्चा राहिला तर दहावीला काय करशील?" आवाज इतका गोड होता की मला तो चहा त्यांच्या अंगावर ओतावासा वाटला. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "वहिनी शिक्षिका आहे, तिला कळतं. तू आल्या आल्या भांडण नको काढू." मी फोन बंद केला आणि चार दिवस त्याचा घेतला नाही.

शिक्षण हक्काचा कायदा मी मोबाईलवर वाचला. मूल वयाप्रमाणे वर्गात घ्यायचं, प्रवेशासाठी परीक्षा घ्यायची नाही, सगळं स्पष्ट लिहिलेलं. पेणला पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गेले. तिथल्या साहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं, शाळेला फोन लावला आणि माझ्यासमोर सांगितलं की सहावीत आणि दुसरीत घ्या. फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "कायदा तुमच्या बाजूचा आहे, मॅडम. पण रोज मुलींना त्याच शाळेत पाठवायचंय ना? जरा जुळवून घ्या." त्यांनी ते काळजीने म्हटलं असेल. मला ते धमकीसारखं लागलं, आणि पुढे झालंही तसंच.

मुलींना प्रवेश मिळाला. धाकटी आठवड्यात रुळली. तिला मधल्या सुट्टीत लंगडी खेळायला मैत्रिणी मिळाल्या आणि तिला दुसरं काही नको होतं. मोठीच्या वर्गाला मराठी शिकवायला ताईच होत्या. त्यांनी तिचं नाव कधी घेतलं नाही. "ए विमान, उभी राहा." "विमानाला समजलं का?" वर्ग हसायचा. मग वर्गही तिला विमान म्हणायला लागला. डबा भरलेला परत यायला लागला. मी विचारलं की ती म्हणायची, भूक नव्हती. हे विमानाचं मला धाकटीने सांगितलं, तेही खूप उशिरा.

त्या दिवसांत मोठीला फक्त सासूबाई जवळच्या वाटायच्या. शाळेतून आली की ती त्यांच्याशेजारी वाल सोलायला बसायची. सासूबाई तिला काही शिकवायला बसल्या नव्हत्या, त्या नुसत्या बोलायच्या. "ये गो, बस हितं. आज काय झाला शाळेत? नाय सांगत? नको सांगूस." मोडाचे वाल बोटात दाबून साल सोडवता सोडवता पोरगी त्यांचं बोलणं उचलत गेली. नाय, हाय, व्हय. मस्कतमध्ये माझ्याशी निम्म्या इंग्रजीत बोलणारी मुलगी एक दिवस मला म्हणाली, "मना भूक लागली." मला इतकं बरं वाटलं की मी तिला आधी जवळ घेतलं आणि मग जेवायला वाढलं.

जानेवारीत मला शाळेतून फोन आला. ताबडतोब या. गेले तर मुख्याध्यापिकांच्या खोलीत मोठी कोपऱ्यात उभी, आणि ताई खुर्चीत.

"उलट उत्तर दिलं हिने, भर वर्गात," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"काय म्हणालीस?" मी मोठीला विचारलं.

तिने मान वर केली. "मॅडम बोलल्या, विमान, जमिनीवर उतर आणि कविता वाच. मी बोलली, मला नाय येत. येत असती तर शाळेत कशाला आली असती?"

मला हसू आलं. मी ते दाबलं नाही.

"बघा, आईलाच हसू येतंय," ताई म्हणाल्या. "आणि ही भाषा! नाय काय, आली काय! शुद्ध मराठीचं एक वाक्य येत नाही आणि हे असलं गावंढळ बोलणं शाळेत आणते."

मी म्हटलं, "ताई, ही भाषा आपल्या घरातली आहे. आज सकाळी पाणी सांडलं म्हणून आईंवर ओरडलात, ते कुठल्या शुद्ध मराठीत?"

मुख्याध्यापिका टेबलावरच्या काचेकडे बघत राहिल्या. ताई उठल्या आणि निघून गेल्या. मी मोठीला घेऊन आले. माफी कुणी मागितली नाही. त्यांनी नाही, आम्हीही नाही.

संध्याकाळी स्कूटी अंगणात लागली तेव्हा मला माहीत होतं काय होणार. ताईंनी हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

"माझ्या शाळेत माझी लाज काढलीस."

"तुम्ही माझ्या पोरीची रोज काढता."

"पोर, पोर, पोर!" त्या ओरडल्या, आणि मग त्यांची शाळेतली भाषा सुटली. "तुला काय ठावं हाय? आईंचं खुब्याचं हाड मोडलं तवा कोण होतं हितं? तू व्हिडिओवर रडायचीस. खाली भांडं मी धरत होते. रजा माझ्या गेल्या. मला मुंबईच्या शाळेत नोकरी लागत होती, ती सोडली, कारण म्हातारीला कोण बघणार? आणि तू विमानातून उतरतेस, पोरींना घेऊन, आणि पहिल्याच महिन्यात साहेबाचा फोन आणतेस माझ्या शाळेत!"

मुंबईच्या नोकरीचं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ते खरं होतं, हे सासूबाईंच्या खाली गेलेल्या मानेवरून कळलं.

"मग ते माझ्यावर काढायचं, ताई. पोरीवर कशाला?"

"तुझ्यावर काढायला तू होतीस कुठं?"

सासूबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "गप बसा गो दोघी. मी मेली असती तर बरा झाला असता."

ताई आत गेल्या. त्यांचं दुःख मला समजलं, अगदी नीट समजलं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता. तरीही अकरा वर्षांच्या मुलीला रोज वर्गासमोर उभं करून तो राग फेडावा, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. त्या भांडणानंतर आमचं मन मोकळं झालं असेल असं कुणाला वाटेल. उलट त्या दिवसापासून आम्ही एकमेकींच्या ताटात वाढणंही सोडलं.

माझं माहेर रोह्याचं. भाऊ तिथल्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहे. त्याने त्याच्याच इमारतीत आम्हा तिघींना खालची खोली बघून दिली. पेणच्या शाळेने शाळा सोडल्याचा दाखला द्यायला मुद्दाम हेलपाटे घालायला लावले. हातात आला तेव्हा वर्तणुकीपुढे 'साधारण' लिहिलेलं होतं. मोठीने ते वाचलं, तेवढं मराठी तिला आता येत होतं, आणि विचारलं, "साधारण म्हणजे वाईट?" मी म्हटलं, "त्यांच्या मते."

रोह्याच्या शाळेतले मुख्याध्यापक काही देवमाणूस नव्हते. वर्ष संपत आल्यावर प्रवेश, म्हणून तेही कुरकुरले. दाखला बघून त्यांनी थेट मुलीलाच विचारलं, "पेणची शाळा का सोडली?"

मी तोंड उघडायच्या आत मोठी म्हणाली, "तिथे मला हसायचे."

"इथेही हसतील."

"मग मी भांडेन."

ते दाखला क्लार्ककडे देत म्हणाले, "सहावीत घ्या." मोठी भांडलीसुद्धा. पहिल्याच महिन्यात दोन तक्रारी आल्या. मी दोन्ही वेळा गेले, ऐकून घेतलं, आणि घरी येऊन तिला ओरडले नाही. आता ती सातवीत आहे. मराठीत काठावर पास होते. मैत्रिणी दोनच आहेत, पण त्यांच्यासाठी ती सकाळी लवकर निघते, आणि डबा रिकामा येतो.

सासूबाईंना भेटायला मी एसटीने गडबला जाते, ताई शाळेत असतील अशा वेळी. ताईंनाही हे माहीत आहे, कारण मी येणार ते सासूबाई आधी सांगतात; तरी चुलीवर झाकून ठेवलेलं जेवण नेमकं एका माणसाचं असतं, सासूबाईंचं. नवरा पुढच्या सुट्टीत येणार आहे. म्हणतो, तुला आणि वहिनीला मी समोरासमोर बसवतो. मी त्याला सांगितलंय, तुझी सुट्टी आहे, ती मुलींबरोबर घालव.