दुनळीचं माहेर

सासऱ्याने लग्नात मला दुनळी बंदूक दिली. आमची ही म्हणायची, आप्पांना ती गोऱ्या साहेबाने विलायतेहून आणून दिली. मी म्हणायचो, तुझ्या बापाने भिवंडीच्या बाजारात उचलली. जन्मभर भांडलो. यंदा ही गेली आणि भांडण तसंच राहिलं. निकाल लावायचाच म्हणून सरकारी परवाना खिशात घालून मी बंदुकीसकट आगगाडीने कल्याणला गेलो.

तिथे बंदुका दुरुस्त करणारा एक लठ्ठ गडी होता. नाव मी विचारलं नाही. त्याने सनईवाल्यासारखे गाल फुगवून दोन्ही नळ्यांत आळीपाळीने फुंकर मारली, आणि सूर लागला तसा स्वतःच डोलायला लागला. मीही डोललो. मग कारागिराचं नाव शोधत त्याने नळीवर नख फिरवलं. नख लाल झालं.

“हिला कुंकू कोण लावायचं, आजोबा?”

“बायको. दर दसऱ्याला, तेलात कालवून.”

“नाव त्याच्याखाली बुजलंय. खरवडू? कुठली ते लगेच कळेल.”

मला असं हसू फुटलं की तो घाबरला. मेल्यावरही बाईने मला जिंकू दिलं नाही.

“हात लावू नकोस,” म्हटलं. “विलायतेचीच आहे.”