पाय नवऱ्याकडे, पोट सासूकडे

सडक अर्जुनीजवळच्या ललिताचा डावा पाय २००३ साली सुजला आणि गावाने अर्ध्या दिवसात निदान करून टाकलं. हत्तीपाय! आपल्याकडे पाय सुजला की हत्तीपायच, दुसऱ्या आजाराला पायात थारा नाही. त्याच्या गोळ्या तिने इमानेइतबारे गिळल्या. पाय काही ऐकेना.

पुढे दोनदा दिवस गेले आणि दोन्ही लेकरं पाचव्या महिन्यात पोटातच गेली. त्यासाठी सासू सुशिलाबाई तिला गोंदियाच्या डॉक्टरीणबाईकडे नेत. पाय मात्र नवऱ्याने, शालीकरामने, दुसऱ्याच डॉक्टरला दाखवायचा. घरचा रिवाजच तसा. हातापायाचं दुखणं पुरुषाने न्यायचं, पोटातलं बाईने. म्हणून पायाच्या डॉक्टरला पोट ठाऊक नाही, पोटाच्या डॉक्टरिणीला पाय. ललिताला दोन्ही ठाऊक होतं, पण तिला विचारतो कोण? जखम मांडीला, मलम शेंडीला.

२००६ साली तिसऱ्यांदा दिवस राहिले. हेही लेकरू जाणार या धास्तीने ललिता हसायचीच विसरली होती. नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. दूरचा प्रवास म्हणून सासू आणि नवरा, दोघंही सोबत निघाले. तिथे शालीकराम पायाचं सांगू लागला, सुशिलाबाई पोटाचं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि दोघांचं ऐकून घेतलं.

पायाच्या शिरेत जुनी गुठळी निघाली. रक्ततपासणी केली, बारा आठवड्यांनी पुन्हा केली, दोन्ही वेळा रक्तात तोच दोष निघाला. डॉक्टर म्हणाले, आजार दोन नाहीत, एकच आहे. शरीराची राखण करणारी शक्तीच शरीरावर उलटते आणि रक्त नको तिथे गोठतं. पायात गोठलं की सूज येते, वारेत गोठलं की लेकराचं पोषण तुटतं. उपाय म्हणजे ॲस्पिरीनची छोटी गोळी आणि रोज पोटावर, कातडीखाली एक इंजेक्शन. दुसऱ्या तपासणीची वाट न पाहता ते पहिल्याच दिवशी सुरू झालं होतं.

पोटात लेकरू असताना पोटालाच सुई, हे काही सुशिलाबाईंना पटेना. पण नातवाच्या आशेने त्या गप्प बसल्या. ललिता स्वतःच टोचून घ्यायची. पोट निळंजांभळं झालं. शेवटी पोरगी झाली, समीक्षा. वजनाने कमी, पण आवाजाने भरपूर. ललिता तिच्याकडे पाहून रडली आणि मग बऱ्याच दिवसांनी हसली.

डॉक्टरांनी सुट्टी देताना बजावलं होतं, सहा आठवडे इंजेक्शन चालू ठेवायचं, मग आयुष्यभर रक्त पातळ ठेवायची गोळी आणि वरचेवर तपासणी. गुठळी छातीत गेली तर जीव जातो. घरातल्यांच्या कानांवरून ते गेलं. त्यांच्या हिशेबी औषध लेकराचं होतं आणि लेकरू तर बाहेर आलं. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सुशिलाबाईंनी उरलेली इंजेक्शनं उचलून फळीवर ठेवली.

"झालं ना आता लेकरू. कायले टोचून राहिली?"

ललिताने फळीवरून एक इंजेक्शन काढलं, पोटाची कातडी चिमटीत धरली.

"लेकराले माय पाह्यजे का नाही?" ती म्हणाली आणि सुई टोचली.