सतरंजीखालची तार

लातूरच्या आमच्या घरात दोन कॉम्प्युटर होते आणि त्यांचं एकमेकांशी पटत नव्हतं. आतल्या खोलीतल्या नव्यावर मी क्लासवाल्यांच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचे. प्रिंटर मात्र बाहेरच्या खोलीतल्या जुन्यालाच जोडलेला, दुसऱ्या कुणाचं तो ऐकायचाच नाही. आकृत्यांच्या फायली फ्लॉपीत मावायच्या नाहीत. म्हणून कॉम्प्युटरच्या दुकानदाराने माझ्या टेबलावर एक छोटा डबा बसवला आणि त्यातून लांब तार जुन्या कॉम्प्युटरपर्यंत न्यायची ठरवली. भिंतीला एक भोक पाडलं असतं तर काम झालं असतं. पण सासऱ्यांनी, मी त्यांना मामा म्हणते, ड्रिल बघताच त्याचा हात धरला. किल्लारीकडचं त्यांचं गाव भूकंपात गेलं होतं, तेव्हापासून ते भिंतीत खिळाही ठोकू देत नसत. मग तार मधल्या झोपायच्या खोलीतून, उंबऱ्यावरून, सतरंजीखालून गेली.

त्यानंतर माझी मती गुंग व्हायला सुरुवात झाली. सकाळी शेअर केलेलं फोल्डर दिसायचं, दुपारी गायब. चार वाजता आपोआप परत हजर. रविवारी तर अर्धा दिवस पत्ताच नाही. माझ्या कॉम्प्युटरच्या कोपऱ्यातलं चिन्ह मात्र सगळं जोडलेलं आहे म्हणून सांगायचं. मी स्वभावाने हट्टी. एका वहीत उपाय लिहायला लागले. दोन्ही मशीन बंद करून चालू केली आणि फोल्डर दिसलं, तो पहिला उपाय. पुढच्या वेळी तो चालला नाही, मग फायरवॉल बंद केली. नंतर दोन्हीकडचं वर्कग्रुपचं नाव तपासलं, पासवर्ड काढला, पुन्हा घातला. गंमत म्हणजे तासाभराच्या झटापटीनंतर प्रत्येक उपाय लागू पडायचा, आणि कशाने पडला ते कळायचं नाही. नवरा म्हणाला, त्यापेक्षा नारळ फोड. मला हसू आलं नाही.

अशात एका क्लासच्या सरांनी वर्षभराच्या चाचण्यांचं काम देऊ केलं. अट एकच, पहिला संच दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत छापून हवा. उशीर झाला तर काम दुसऱ्या बाईंकडे. लग्नानंतर माझ्या स्वतःच्या हिमतीवर मिळणारं हे पहिलं मोठं काम होतं आणि मला ते फार हवं होतं.

नेमकी त्या दिवशी मुलगी तापाने फणफणलेली. मधल्या खोलीत सकाळपासून झोपून होती. मी तिच्या कपाळावर पट्टी ठेवायचे, आत जाऊन फोल्डर शोधायचे, पुन्हा पट्टी बदलायचे. दहा वाजल्यापासून फोल्डर नव्हतं. वहीतले सगळे उपाय झाले, उलट्या क्रमानेही झाले. तीन वाजता मला रडू यायला लागलं. काही सुचेना म्हणून बाहेरच्या खोलीत टेबलाखाली शिरले आणि जुन्या कॉम्प्युटरच्या मागे हात घातला. तिथे तारच नव्हती.

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं माझं दोन महिने चाललं होतं. कोपऱ्यातलं चिन्ह फक्त माझ्या टेबलावरच्या डब्यापर्यंतचंच सांगत होतं. सतरंजी उचलून बघितली, खाली काही नाही. तार आतल्या खोलीच्या दारामागे, नीट वेटोळं करून, सुतळीने बांधून ठेवलेली होती. इतक्या निगुतीने बांधणारा माणूस घरात एकच होता.

मामा दाराबाहेर ओट्यावर बसले होते. मी तरातरा गेले. तार तुम्ही काढली का, म्हणून विचारलं. माझा आवाज चढला होता, ते आजही आठवलं की लाज वाटते. त्यांनी शांतपणे मान डोलावली.

"पोर झोपलीय न्हवं, माय. झोपल्या माणसाच्या दारात काई आडवं नगं. समदी उठली की मी लावतोच की रोज."

अंधारात धावताना तारेत पाय अडकंल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, दिवसा कसला अंधार, आणि एवढ्याशा तारेने काय होतंय? ते अंगणाकडे बघत बोलले.

"भुकंपाच्या त्या रातीला मी शेतात राखणीला व्हतो. घरात दाराम्होरं उडदाची पोती व्हती. मीच रचली व्हती. तुझी सासू दारापत्तुर आली व्हती."

सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलेलं. त्यांच्याबद्दल मामा इतकं कधीच बोलले नव्हते. मला पाचची वेळ आठवत होती, पण तार जोडू का हे विचारवेना.

तेच उठले. मधल्या खोलीत गेले, गोधडीसकट मुलीला उचललं आणि बाहेर ओट्यावर मांडीवर घेऊन बसले. ती झोपेतच त्यांना बिलगली.

"आता जोड," ते म्हणाले.

मी तार जोडली. फोल्डर लगेच दिसलं. पाचला दहा कमी असताना शेवटचं पान निघालं, तोवर ते तिला तसेच धरून होते. त्यांच्या पायाला मुंग्या आल्या असणार, पण त्यांनी मांडी मोडली नाही.

रात्री मी वही काढली आणि शेवटचा उपाय लिहिला: आधी घरात कोण झोपलंय ते बघणे. मग उठून तार काढली, वेटोळं केलं आणि दारामागे ठेवलं. सुतळी मात्र मला त्यांच्यासारखी बांधता आली नाही.