दुसरा भाग कोणाच्या कपाटात?

मंडळी, आज डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयात आईसाठी कादंबरीचा दुसरा भाग शोधायला गेलेलो. पहिला संपवून ती आठ दिवस अडकून बसलीय.

ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "कोणी दिलेलं पुस्तक?"

"मला काय माहीत?"

"अहो, ज्यांच्या स्मरणार्थ कपाट, त्यात त्यांचीच पुस्तकं."

"लेखकांच्या नावाने लावा की!"

"एक जरी हलवलं तरी घरचे भांडायला येतात."

म्हणजे कादंबरी हवी तर आधी गावात कोणकोण वारलं ते पाठ हवं! अकरा कपाटं उपसली, भाग मिळाला नाही. तुमच्याकडेही हेच का?

घरी आईने सगळं ऐकलं. म्हणाली, "माझी पुस्तकं तिथे देऊ नकोस रे. कोणाला सापडायची नाहीत."